टॉवर दिसतो, ग्रंथालय दिसत नाही

माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा पहिला मसुदा मी मार्गदर्शकांकडे दिला तेव्हा मला वाटत होतं की काम जवळजवळ झालंच. विषय होता मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांच्या इमारती. बावीस पानं, भरपूर तळटीपा, स्वतः काढलेले फोटो. दोन दिवसांनी मसुदा परत आला. पहिल्या पानावर पेन्सिलीनं एकच ओळ होती: "ही पाटी झाली. प्रकरण कुठंय?"

राग आला, खरं सांगते. पण पनवेलला परत येताना हार्बर लोकलमध्ये सव्वा तास बसून तो मसुदा पुन्हा वाचला आणि मॅडमचं म्हणणं पटलं. मी खरोखरच पाटी लिहिली होती. इमारतीच्या दारावर लावतात ना, संगमरवरी, तशी. कोणी पैसे दिले, कोणी आराखडा केला, कोनशिला कधी बसली, काम कधी पुरं झालं, उंची किती, शैली कोणती. झालं.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, पेटसाठी किंवा नेटसाठी वाचत असाल, विषय शोधत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ग्रंथालयांच्या इमारतींवर मराठीत बरंच लिहिलं जातं आणि त्यातलं पुष्कळ या पाटीच्या जातीचं असतं. माहिती चुकीची नसते. पण तिच्यातून प्रश्न निघत नाही. आणि प्रश्न निघत नसेल तर संशोधन सुरूच झालेलं नाही. एकाच इमारतीवर हे करून बघू. नंतर तिच्या शेजारच्या दोन इमारतींशी ताडून पाहू आणि शेवटी पनवेलला येऊ.

पाटी काय सांगते

राजाबाई टॉवर तुम्हाला माहीत आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात, ओव्हल मैदानाच्या कडेला. पाटीवरची माहिती अशी: प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि नंतर आपल्या आईच्या, राजाबाईंच्या, नावानं टॉवर बांधण्यासाठी आणखी दोन लाख दिले. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. बांधकामाची सुरुवात १८६९ मध्ये, पूर्तता १८७८ मध्ये. उंची २८० फूट. कुर्ल्याचा दगड, कोरीव कामाला पोरबंदरचा दगड, शैली व्हिक्टोरियन गॉथिक. २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या मुंबईच्या इमारतसमूहाचा भाग.

याला जोडून एक गोष्ट हमखास येते. राजाबाईंना दिसत नव्हतं, त्या जैन होत्या, सूर्यास्ताआधी जेवायचा नियम होता, म्हणून वेळ कळावी यासाठी मुलानं घड्याळाचा टॉवर बांधला. गोष्ट गोड आहे. गाइड सांगतात, वर्तमानपत्रं छापतात, मीही मसुद्यात घातली होती.

आता ही माहिती नीट बघा. तिच्यात ग्रंथालय कुठं आहे?

गोष्ट घड्याळाबद्दल आहे. उंची टॉवरची आहे. नाव आईचं आहे. ग्रंथालय "त्याला लागून" आहे. आपण रोजच्या बोलण्यात या सबंध इमारतीला "राजाबाई टॉवर" म्हणतो. पहिली देणगी ग्रंथालयासाठी होती आणि इमारतीचं मूळ कामही तेच होतं, पण ते नावातून गळून पडलं आहे.

मला टीका करायची आहे ती इथे. ती दात्यावर नाही आणि सबंध इमारतीवरही नाही. एका निवडीवर आहे आणि ती निवड आकड्यात दिसते. दोन लाख वाचणाऱ्यांच्या जागेसाठी, दोन लाख दुरून दिसण्यासाठी. माझ्या पहिल्या मसुद्यात हे दोन्ही आकडे होते. मी त्यांची बेरीज करून "चार लाखांची उदार देणगी" असं लिहून पुढे गेले होते. बेरीज केली की निवड दिसेनाशी होते. दोन आकडे वेगळे ठेवले की लगेच विचारावंसं वाटतं: एका नव्या विद्यापीठाला पुस्तकांच्या जागेइतकाच मोठा खर्च उंचीवर करावासा का वाटला?

तारखा ओळीनं लावा

उत्तरासाठी फार लांब जायला नको. तारखा शेजारी शेजारी ठेवा.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद त्या तेजीतले सगळ्यांत मोठे सटोडिये. ग्रंथालयाची देणगी १८६४ ची, म्हणजे तेजीच्या ऐन माथ्यावरची. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, बँका बुडाल्या आणि प्रेमचंदही बुडाले. टॉवर उभा राहिला तो या पडझडीनंतर. म्हणजे जी इमारत आपण समृद्धीची खूण म्हणून बघतो ती बांधली जात असताना शहर त्या समृद्धीच्या राखेतून सावरत होतं.

दुसरी रांग लावा. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पण सुरुवातीची अनेक दशकं हे मुख्यतः परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. शिकवणं कॉलेजांत चालायचं, विद्यापीठ परीक्षा घेऊन पदव्या द्यायचं. पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग आला तो १९१९ मध्ये. १८७८ आणि १९१९ यांत एकेचाळीस वर्षांचं अंतर आहे.

आता विचार करा. ज्या संस्थेत रोज वर्गात येऊन बसणारे विद्यार्थीच नाहीत, तिच्या ग्रंथालयात रोज बसणार कोण? इमारत वाचकांच्या गरजेतून उगवली नाही. ती आधी आली, वाचक नंतर यायचे होते. म्हणून ती आतून वापरायला कशी आहे यापेक्षा बाहेरून कशी दिसते याला वजन आलं, असं माझं म्हणणं आहे. हे विधान तुम्ही खोडू शकता, आणि ते तसंच असायला हवं. "ही इमारत भव्य आहे" हे वाक्य कोणी खोडणार नाही, म्हणूनच ते संशोधनात कामाचं नाही.

आता दारातून आत

स्कॉट मुंबईत कधीच आले नाहीत. आराखडा लंडनहून आला. नुसतं हे सांगून थांबणं हाही पाटीचाच प्रकार. प्रश्न असा की न पाहिलेल्या गावासाठी काढलेल्या आराखड्यात काय साधलं आणि काय हुकलं.

साधलं ते आधी सांगते. कमानींच्या खोल ओळी उन्हाला आणि पावसाच्या झडीला थेट भिंतीपर्यंत येऊ देत नाहीत. वरच्या वाचनकक्षाचं लाकडी छत चांगलं उंच आहे, त्यामुळे गरम हवा डोक्यावर तरंगत राहत नाही. कोपऱ्यांवरचे गोल जिने उघडे आहेत, त्यांतून वारा खेळतो. मुंबईच्या मे महिन्यात या गोष्टी लहान नाहीत.

हुकलं ते असं. टॉवरचा तळ म्हणजे घोडागाडी येऊन थांबावी असं पोर्च आहे. मुख्य प्रवेश तिथून. पायी येणाऱ्या वाचकाची कल्पना करून काढलेलं हे दार नाही. रंगीत काचांच्या खिडक्या फार देखण्या आहेत, पण रंगीत काचेतून आलेला प्रकाश मान वर करून बघण्यासाठी असतो, मान खाली घालून बारीक टाइप वाचण्यासाठी नसतो. ही काच चर्चमधून आलेली कल्पना आहे. चर्चमध्ये डोळे वर असतात, ग्रंथालयात खाली.

आणि सगळ्यांत बोलकी गोष्ट वर आहे. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत. ते घडवण्याचं काम रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इंजिनिअरांनी केलं. पाटीत हे "स्थानिक कलेचा सन्मान" म्हणून येतं, आणि मुकुंद रामचंद्र यांचं नाव स्कॉट यांच्या बरोबरीनं घेतलं जावं हे मला मनापासून वाटतं. पण पुतळे कुठे आहेत बघा. माणसाच्या नजरेच्या कितीतरी वर. समाज इमारतीच्या अंगावर दागिन्यासारखा आहे. त्या समाजांतली किती माणसं आतल्या खुर्चीवर बसायला येऊ शकत होती, हा प्रश्न पुतळे विचारत नाहीत. तो तुम्हाला विचारावा लागतो.

शेजारच्या दोन इमारती

एकाच इमारतीकडे बघून केलेली टीका लंगडी असते. ताडून बघायला काहीतरी लागतं. नशिबानं चालत जाण्याच्या अंतरावर दोन आहेत.

पहिली काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी. इमारत १८७० ची, म्हणजे टॉवरचीच समकालीन. मालाडचा पिवळसर दगड, गॉथिक कमानी. डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपये दिले होते. बांधकाम पुरं होण्याआधीच, १८६४ मध्ये, ते पुण्यात वारले. पाटी इथेही तशीच. पण संस्थेचा जन्म १८४७ चा आहे आणि तो टांकसाळ नि सरकारी गोदीतल्या तरुण यांत्रिक कारागिरांनी दिला. त्यांना यंत्रांवरची व्याख्यानं ऐकायची होती, नमुने बघायचे होते, वाचायचं होतं. वाचक आधी, इमारत नंतर.

याचा परिणाम बांधणीत दिसतो असं मला वाटतं. वरच्या मजल्याचा व्हरांडा थेट रस्त्यावर उघडतो. तिथं लांब हातांच्या आरामखुर्च्यांत लोक पेपर वाचत पडलेले असतात. मागे बाग आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचणारा माणूस दिसतो, म्हणजे इथे इमारतीची जाहिरात वाचक करतो. टॉवरच्या बाबतीत जाहिरात घड्याळ करतं. मधल्या काळात हिचं उतरतं छप्पर जाऊन सपाट काँक्रीटची स्लॅब आली होती. नुकत्याच झालेल्या जीर्णोद्धारात उतरतं छप्पर परत आलं. इमारतीचा इतिहास उद्घाटनाला संपत नाही, हे सांगायला एवढं एक छप्पर पुरे.

पण हुरळून जाऊ नका. नाव इथेही गिळलं गेलंच. कारागिरांचा उल्लेख नावातून गेला, देणगीदाराचं नाव राहिलं.

दुसरी इमारत टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटी. संस्था १८०४ ची, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी म्हणून सुरू केलेली. इमारत १८३३ मध्ये पुरी झाली, आराखडा कर्नल थॉमस कूपर यांचा. नावच सांगतं की ही सभागृहाची इमारत, ग्रंथालयानं त्यात बिऱ्हाड केलं. डोरिक खांब आणि समोर तीस पायऱ्यांचा जिना. या पायऱ्यांवर आज संध्याकाळी तरुण मुलंमुली बसलेली असतात, पण चढून आत जाणारे थोडे. ज्या १८३३ साली ही इमारत पुरी झाली त्याच साली माणेकजी करसेटजी यांचा सभासदत्वाचा अर्ज फेटाळला गेला. ते सभासद झाले १८४० मध्ये, पहिले भारतीय सभासद. इमारतीच्या इतिहासात ही सात वर्षं येत नाहीत, कारण ती दगडात दिसत नाहीत. माझ्या मते पायऱ्यांच्या संख्येइतकीच ती इमारतीचा भाग आहेत. दार कुठल्या मापाचं होतं हे ती सांगतात.

मग पनवेलचं काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं फोर्टातलं झालं. खरंय. आणि ही माझ्या पहिल्या मसुद्यातली दुसरी चूक होती. "महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांच्या इमारती" असं शीर्षक देऊन मी मुंबईच्या दीड किलोमीटरमध्ये फिरत होते. कारण दगड तिथं आहे, फोटो तिथं चांगले येतात.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. हे सगळे टॉवरपेक्षा थोरले. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. या संस्थांचा इतिहास सभासदांच्या वर्गणीचा, देणगीच्या पुस्तकांचा, जागा बदलण्याचा आहे. स्थापत्याच्या पुस्तकात त्या येत नाहीत, कारण स्थापत्याच्या पुस्तकाला शैलीचं नाव लागतं.

पनवेलही जुनं गाव. नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका २०१६ पासून. गावात के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय आहे. एका व्यक्तीचं नाव आणि "सार्वजनिक" हा शब्द, दोन्ही एकाच पाटीवर. महाराष्ट्रात हे चित्र गावोगाव दिसतं, आणि त्यामागे कारण आहे. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, मद्रास प्रांतानं १९४८ मध्ये. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकर होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला १९६७ मध्ये आणि त्यात असा उपकर नाही. इथं वाचनालयं मुख्यतः लोकांच्या संस्था चालवतात, शासन अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देतं. इमारतीसाठी मोठी रक्कम एकदम उभी करायची तर देणगीदार शोधावा लागतो. देणगीदार आला की नाव येतं. फोर्टातला दोन लाखांचा प्रश्न आणि तालुक्याच्या वाचनालयाच्या दारावरची पाटी हे एकाच धाग्याचे दोन टोक आहेत. हे मला दुसऱ्या मसुद्याच्या वेळी कळलं.

पनवेलवर काम करायचं ठरवलंत तर एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. जुनं गॅझेटिअर शोधताना कुलाबा जिल्ह्याचा खंड उघडाल आणि पनवेल नीट सापडणार नाही. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे खंड बघा. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. कुलाब्यात नंतर गेलं, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. एका गावाचे कागद तीन नावांखाली आहेत. हे माहीत नसेल तर "पनवेलवर काहीच सापडत नाही" असं म्हणून लोक विषय सोडतात.

इमारतीवर लिहायच्या आधी

शैलीचं नाव शेवटी लिहा. आधी चार गोष्टी स्वतः बघा.

एक, इमारत आधी की वाचक आधी? स्थापनेचं वर्ष आणि इमारतीचं वर्ष वेगळं लिहा आणि मधल्या काळात संस्था कुठं होती ते शोधा. त्यासाठी वार्षिक अहवाल आणि कार्यकारी मंडळाची इतिवृत्तं लागतात. ती कपाटात, धुळीत, कधी कार्यवाहांच्या घरी असतात. विनंतीचं पत्र घेऊन जा, दोनदा जा.

दोन, पैसा कशासाठी दिला गेला? आकड्यांची बेरीज करायची घाई करू नका.

तीन, दार कोणासाठी आहे? गाडीसाठी, पायी येणाऱ्यासाठी, की चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी? देवघेव विभाग कितव्या मजल्यावर आहे? म्हातारी माणसं पेपर वाचायला जिना चढतात का?

चार, आज कोण बसतं? एक तास बसून नुसतं मोजा. खुर्च्या किती, उजेड कुठून येतो, बायका कुठं बसतात, मुलं कुठं. पुष्कळ ठिकाणी तुम्हाला दिसेल की पुस्तकांच्या कपाटांपाशी शुकशुकाट आहे आणि अभ्यासिका एमपीएससीच्या मुलांनी भरून गेली आहे. स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, ग्रंथालयाचं एकही पुस्तक काढत नाहीत. त्यांना हवी आहे टेबलाची कड, पंखा आणि शांतता, कारण वन रूम किचनमध्ये ती मिळत नाही. जुन्या पठडीतला अभ्यासक याला ग्रंथालयाची अधोगती म्हणेल. मला तसं वाटत नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पाचवं सांगतं की ग्रंथालय ही वाढणारी, जिवंत गोष्ट आहे. जिवंत गोष्ट आपल्या गरजेप्रमाणे आकार बदलते. अभ्यासिकेतली ती मुलगी इमारतीच्या इतिहासातली आजची नोंद आहे. तिच्याशी बोला. तिची परवानगी घेऊन लिहा.

शेवटी एक कबुली. माझी ही टीका सोपी नाही आणि पूर्ण न्याय्य आहे असाही दावा नाही. टॉवर नसता तर कदाचित त्या ग्रंथालयाकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं, जीर्णोद्धाराला पैसा मिळाला नसता. दिसणं हीसुद्धा संस्थेची गरज असते, हा युक्तिवाद माझ्या सहकाऱ्यानं केला आणि मला अजून त्याचं पुरेसं उत्तर देता आलेलं नाही. तो मी प्रकरणात तसाच, त्याच्या बाजूनं, घातला आहे. तुम्हीही तुमच्या विरोधातला सगळ्यांत चांगला मुद्दा लपवू नका. मौखिक परीक्षेत तोच आधी येतो.

दुसरा मसुदा पोर्चपासून सुरू होतो. टॉवरची उंची अकराव्या पानावर येते. मॅडमनी परत दिला तेव्हा पेन्सिलीच्या खुणा पहिल्यापेक्षा तिप्पट होत्या, जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाशेजारी प्रश्न. म्हणजे आता वाद घालता येईल असं काहीतरी कागदावर आलं होतं.